बंदुकीची नाडी पाहणारा माणूस

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. तिथून एक फाटा वज्रेश्वरीकडे जातो. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या नवसाचे, हे या भागात लहानथोरांना ठाऊक आहे. वसईचा किल्ला हाती आला तर देवीचे मंदिर बांधीन, असा तो नवस. मे १७३९मध्ये वसई पडली. पोर्तुगीजांच्या भक्कम तटाला भगदाड पाडले ते मराठ्यांनी बुरुजाखाली खणलेल्या सुरुंगांनी. जमिनीखालच्या बंदिस्त जागेत दारू पेटली, क्षणात तिचा वायू झाला, त्याला बाहेर जायला वाट सापडेना आणि वरचा दगडी बुरूज उचलला गेला.

या वायूचा जोर नेमका किती असतो? १७३९ साली हा आकडा कोणाकडेच नव्हता. मराठ्यांच्या गोलंदाजांकडे नव्हता, पोर्तुगीजांकडे नव्हता, इंग्रज-फ्रेंचांकडेही नव्हता. कोणत्या तोफेत किती दारू घालायची, हे उस्ताद आपल्या अनुभवाने ठरवी. अंदाज चुकला तर गोळा अलीकडे पडे, फारच चुकला तर तोफ फुटून गोलंदाजच मरे. नळीतल्या वायूचा दाब आणि नळीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग यांचे नाते मोजून सांगणारे कोणी नव्हते.

त्याच सुमारास लंडनमध्ये गणिताच्या शिकवण्या करणारा एक माणूस या प्रश्नाकडे वळला. त्याचे नाव बेंजामिन रॉबिन्स. गोळीच्या वेगाचे पहिले भरवशाचे मोजमाप त्याने केले आणि तो वेग नळीतल्या दाबातून कसा येतो, हे गणिताने दाखवले. आयुष्याच्या शेवटी तो हिंदुस्थानात आला आणि मराठ्यांनी इंग्रजांना विकलेल्या एका किल्ल्यात तापाने मरण पावला. रॉबिन्स काही डॉक्टर नव्हता. पण गोळी लागलेला रुग्ण अपघात विभागात आला, की त्याच्या शरीरात काय झाले असेल याचा विचार आजही रॉबिन्सने मोजलेल्या गोष्टीपासूनच सुरू होतो. ती गोष्ट म्हणजे गोळीचा वेग.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ या गावी झाला. वडील शिंपीकाम करत. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ युद्धाला आणि शस्त्राला निषिद्ध मानणारा, आणि त्याच घरातला मुलगा पुढे तोफांच्या शास्त्राचा पाया घालणारा निघाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे विद्यापीठाचे शिक्षण झाले नाही. गणित तो बहुतांशी स्वतःच शिकला. त्याचे काही कागद लंडनमधल्या डॉ. हेन्री पेंबर्टन यांच्याकडे पोचले. पेंबर्टन हे पेशाने वैद्य. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचे संपादनही त्यांनीच केले होते. त्यांनी या मुलाची पारख केली आणि रॉबिन्स लंडनला आला. १७२७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पोटासाठी शिकवण्या, बाकीच्या वेळात पूल, बंदरे, किल्ले यांच्या बांधणीचा अभ्यास, असा त्याचा दिनक्रम होता. पंथाचा पोशाख आणि रिवाज त्याने कधीच सोडले होते.

त्या काळच्या लंडनमध्ये मोजण्याचा ध्यास घेतलेली माणसे बरीच होती. त्यांतले एक होते पाद्री स्टीफन हेल्स. घोडीच्या रक्तवाहिनीत नळी घालून तिच्यात रक्त किती उंच चढते, हे त्यांनी पाहिले. ते आठ फुटांहून अधिक चढले. १७३३ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तदाबाचे जगातले पहिले मोजमाप ते हेच. म्हणजे हृदय रक्ताला किती दाबाने ढकलते आणि दारूचा वायू गोळीला किती दाबाने ढकलतो, हे दोन्ही प्रश्न एकाच सोसायटीच्या दोन सदस्यांनी दहा वर्षांच्या आत हाताळले. दोघांची पद्धतही एकच होती. तर्क लढवत बसायचे नाही, मोजायचे.

रॉबिन्स तोफांकडे वळला त्याला एक अपयशही कारणीभूत ठरले. १७४१ साली वुलिच येथे लष्करी अकादमी निघाली. तिथे तटबंदीशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा आपल्याला मिळावी, अशी त्याची इच्छा होती. त्याआधी त्याने पंतप्रधान वॉलपोल यांच्या सरकारवर टीका करणाऱ्या पुस्तिका लिहिल्या होत्या. जागा दुसऱ्याला मिळाली. शिकवण्यासाठी केलेली तयारी मात्र त्याने वाया जाऊ दिली नाही. तिच्यातूनच १७४२ साली ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक तयार झाले. ते आकाराने लहानच आहे, पण तोफशास्त्राची त्याच्याआधीची आणि नंतरची अशी सरळ विभागणी त्याने केली.

रॉबिन्सने पहिला प्रश्न घेतला तो वायूचा. हवा काढून घेतलेल्या भांड्यात तापलेल्या लाल लोखंडावर त्याने मोजकी दारू टाकली. दारू पेटली आणि जो वायू झाला त्याने नळीतला पारा किती खाली ढकलला, हे त्याने पाहिले. हिशेब असा निघाला, की दारू जेवढी जागा व्यापते तिच्या सुमारे २४४ पट जागा व्यापणारा वायू तिच्यातून निघतो. हा झाला वायू थंड झाल्यानंतरचा आकडा. पेटत्या क्षणी तो अतिशय तप्त असतो आणि तापलेला वायू फुगतो. किती फुगतो हे पाहण्यासाठी त्याने बंदुकीच्या नळीचा तुकडा पांढरा दिसू लागेपर्यंत तापवला आणि आतल्या हवेचे प्रसरण मोजले. ते सुमारे चौपट भरले. २४४ला चाराने गुणले की जवळजवळ एक हजार होतात. म्हणजे दारू पेटते त्या क्षणी नळीतला दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पट असतो, असा निष्कर्ष त्याने काढला.

हा आकडा केवढा मोठा आहे, हे कळण्यासाठी रक्तदाबाचाच दाखला घेऊ. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० मिलिमीटर पारा एवढा असतो. तो वातावरणाच्या दाबाचा सहावा हिस्सादेखील नाही. तेवढ्या दाबाने हृदय रक्ताला डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत पोचवते. रॉबिन्सने सांगितलेला नळीतला दाब याच्या सहा हजार पटींहून अधिक आहे.

आता या दाबातून वेग कसा मिळतो ते पाहू. जत्रेत फुगे फोडायची बंदूक सगळ्यांनी पाहिलेली असते. ती मोडून घट्ट बंद करताना आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, हवा कोंडली जाते आणि ती छऱ्याला पुढे ढकलते. छर्रा नळीत असेपर्यंतच हे ढकलणे चालते. तो तोंडाबाहेर पडला की मागचा दाब संपला. पुढचा सारा प्रवास मिळालेल्या वेगाच्या जोरावर. ठासणीच्या बंदुकीत, पोलिसांच्या रायफलीत आणि तोफेतही हेच घडते. फरक इतकाच, की तिथे दाब दाबलेल्या हवेचा नसतो, पेटलेल्या दारूच्या वायूचा असतो.

पण गोळी पुढे सरकू लागली की वायूला पसरायला जागा मिळते आणि दाब उतरू लागतो. जागा दुप्पट झाली की दाब निम्मा. म्हणजे नळीच्या बुडाशी असलेला दाब तोंडापर्यंत टिकत नाही. वेग काढायचा तर नळीच्या प्रत्येक टप्प्यावरच्या ढकलण्याची बेरीज करावी लागते. न्यूटनच्या गणितात ही बेरीज करण्याची रीत होती. रॉबिन्सने ती बंदुकीला लावली. त्याने धरलेली बंदूक होती ४५ इंच नळीची, पाऊण इंच जाडीच्या शिशाच्या गोळीची. दारू नळीत अडीच इंचांहून थोडी जास्त जागा व्यापत होती. उत्तर आले ते असे, की गोळी तोंडातून सेकंदाला जवळजवळ १,७०० फूट, म्हणजे पाचशे मीटरहून अधिक वेगाने सुटली पाहिजे.

याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे वायू आपले निम्मे काम नळीच्या पहिल्या पाव भागातच उरकतो. त्यामुळे नळी दुप्पट लांब केली तरी वेग दहा-बारा टक्क्यांहून फारसा वाढत नाही. नळी जितकी लांब तितका गोळा लांब जाणार, ही तेव्हाची पक्की समजूत त्यामुळे निकालात निघाली. दुसरे म्हणजे दाब आणि वेग सरळ प्रमाणात वाढत नाहीत. वेग दुप्पट करायचा तर वायूने चौपट काम करावे लागते. जास्त वेगाच्या हव्यासाने भरमसाट दारू ठासली, तर वेग थोडा वाढतो, पण नळीच्या भिंतीवरचा ताण फार वाढतो आणि तोफ फुटते.

कागदावरचे उत्तर खरे कशावरून? सेकंदाला १,७०० फूट धावणारी गोळी डोळ्यांना दिसत नाही आणि तेव्हाच्या घड्याळांनी तिची वेळ मोजणे अशक्य होते. रॉबिन्सने मग एक साधी युक्ती काढली. त्याने लोखंडी पट्टीला जाड लाकडी फळी जोडून पन्नासेक पौंड वजनाचा लंबक टांगला. गोळी झाडली की ती फळीत रुतायची आणि लंबक मागे झुलायचा. हलकी गोळी आपली गती जड लंबकाला देते, तेव्हा एकूण संवेग तेवढाच राहतो. म्हणजे अतिवेगवान गोळीची गती शेकडो पटींनी मंद होऊन लंबकाच्या झोक्यात उतरते. लंबकाच्या खालच्या टोकाला एक फीत बांधलेली असे. झोक्याबरोबर ती जितकी ओढली जाई, तितका झोका मोठा. फितीची लांबी मोजायची आणि गणिताने गोळीचा वेग काढायचा. वेगवेगळ्या नळ्या, दारूची वेगवेगळी मापे घेऊन त्याने पुष्कळ बार काढले. मोजलेला वेग आणि दाबावरून काढलेला वेग बऱ्याच जवळ आले. या कामाबद्दल रॉयल सोसायटीने १७४६ साली त्याला कोप्ली पदक दिले.

लंबकाने आणखी एक धक्का दिला. तो बंदुकीपासून लांब लांब नेत गेले की झोका भराभर लहान होत होता. म्हणजे हवेतून जाताना गोळीचा वेग फार झपाट्याने कमी होत होता. गॅलिलिओपासून सगळे मानत आले होते, की गोळा हवेत सुबक परवलय काढत जातो आणि शिशाच्या जड गोळीला हवेचा अडथळा नगण्य असतो. रॉबिन्सच्या मोजमापात सुरुवातीच्या वेगाला हा अडथळा गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक भरला. हवा नसती तर ती गोळी सतरा मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्ध्या मैलाच्या आतच पडते. आवाजाच्या वेगापलीकडे गेलेल्या गोळीला हवेचा विरोध एकदम कितीतरी वाढतो, हेही त्याच्या लक्षात आले. आवाजापेक्षा वेगवान विमाने बनवणाऱ्यांना याच गोष्टीशी दोनशे वर्षांनी झगडावे लागले.

गोळी सरळ न जाता बाजूला का वळते, याचाही त्याने छडा लावला. नळीच्या आतल्या अंगाला घासून गोळीला फिरकी मिळते आणि फिरणारा गोल हवेत एका बाजूला सरकतो. हे सिद्ध करण्यासाठी त्याने नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले. वाटेत कागदाचे पडदे लावून गोळीचा मार्ग पाहिला. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेतच सरकतो, त्याचे कारणही हेच. पुढच्या शतकात जर्मनीतल्या मॅग्नसचे नाव या परिणामाला मिळाले. नको ती फिरकी टाळायची तर नळीला आतून मळसूत्री खाचा पाडाव्यात, म्हणजे गोळी उडण्याच्या दिशेभोवतीच फिरेल आणि सरळ जाईल, असे रॉबिन्सने १७४७ साली मांडले. अशा खाचांच्या बंदुका ज्या देशाचे सैन्य आधी नीट वापरील, त्याचे पारडे जड होईल, असा त्याचा कयास होता. पुढच्या शंभर वर्षांत तो खरा ठरला.

या पुस्तकाचे जर्मन भाषांतर १७४५ साली केले ते लिओनार्ड ऑयलरने. ऑयलर त्या काळचा सर्वांत थोर गणिती. रॉबिन्सने पूर्वी त्याच्या ग्रंथावर कडक टीका केली होती. ऑयलरने तो राग मनात न ठेवता पुस्तक निवडले आणि मूळ मजकुरापेक्षा कितीतरी मोठी टीपा-टिप्पणी जोडली. काही बाबतींत त्याने रॉबिन्सला दुरुस्त केले, काही बाबतींत तो स्वतःच चुकला. गोळीच्या वळण्याचे कारण फिरकी नसून तिचा ओबडधोबड आकार, असे त्याचे मत होते. ते टिकले नाही. पुढे पुस्तक फ्रान्समध्ये गेले. तिथे तोफखान्यात शिकणाऱ्या तरुण नेपोलियनने त्याच्यावर टिपणे काढली होती.

रॉबिन्सचे सगळेच आकडे बरोबर नव्हते. गोळी हलण्याआधी सगळी दारू पेटून वायू होतो, असे त्याने धरले होते. प्रत्यक्षात दारू जळायला थोडा वेळ लागतो. दाब आधी चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. शिवाय दाबाचे शिखर हजार पटींहून बरेच उंच असते. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू नोबल याने तोफेच्या भिंतीत तांब्याचा लहान दंडगोल बसवून, तो किती चेपला यावरून हा दाब मोजला. आजच्या रायफलीत तो वातावरणाच्या तीन-चार हजार पटींपर्यंत जातो आणि क्वार्ट्झसारख्या स्फटिकातून येणाऱ्या विजेच्या इशाऱ्यावरून सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपला जातो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा. पुण्यातच पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा आहे. दाब आणि वेग या दोन आकड्यांवाचून अशा ठिकाणचे कामच चालू शकत नाही. या जोडीचा मेळ प्रथम घातला तो रॉबिन्सने.

वैद्यकाला हे सारे कळायला वेळ लागला. सोळाव्या शतकात गोळीची जखम दारूने विषारी होते, असे मानत आणि विष मारण्यासाठी तिच्यात उकळते तेल ओतत. फ्रान्सच्या आंब्र्वाझ पारे याने १५३७ साली ही क्रूर प्रथा सोडली आणि तेल न ओतलेले सैनिक जास्त बरे झाल्याचे पाहिले. जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदाने सैन्यात असताना गोळीच्या पुष्कळ जखमा पाहिल्या. वेगात आलेल्या गोळीची जखम आणि वेग ओसरलेल्या गोळीची जखम सारखी नसते, हे त्याने नोंदवले. त्याचा ग्रंथ १७९४ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. थायरॉइडवरच्या कामाबद्दल १९०९चे नोबेल मिळवणारा स्विस सर्जन थिओडोर कोखर यानेही वेगवेगळ्या वेगाच्या गोळ्या झाडून त्यांचे परिणाम अभ्यासले.

यामागचे गणित रॉबिन्सच्या गणितासारखेच आहे. गोळीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आठ ग्रॅमची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने येते, तेव्हा तिच्यात सुमारे ४९० जूल ऊर्जा असते. रायफलीची चार ग्रॅमची गोळी ९०० मीटर वेगाने आली तर तिच्यात १,६०० जूलहून अधिक. वजन निम्मे, ऊर्जा तिपटीहून जास्त. ही ऊर्जा शरीरात जिथे खर्च होते तिथे इजा होते. वेगवान गोळी आपल्या वाटेतला मांसाचा भाग तर फाडतेच, शिवाय भोवतालच्या उतींना बाजूला फेकते. क्षणभर आत गोळीपेक्षा कितीतरी रुंद पोकळी तयार होते आणि पुन्हा मिटते. स्नायू आणि फुप्फुस लवचीक असल्याने हा ताण बऱ्याच अंशी सोसतात. यकृत, प्लीहा आणि मेंदू यांना तो सोसत नाही. हाडाला लागली तर हाडाचे तुकडेच नवी हत्यारे होतात. बाहेर मात्र कातडीवर बोटाच्या पेराएवढेही भोक नसते. कपड्याची घाण आणि जंतू त्या भोकातून आत खोलवर ओढले जातात ते वेगळेच.

रॉबिन्सने स्वतः अशा जखमा तपासल्या नाहीत. त्याचा शेवट गोळीने नाही, तापाने झाला. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास जिंकले होते. तहानंतर १७४९मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले. किल्ले डागडुजीला आले होते. ईस्ट इंडिया कंपनीला जाणकार इंजिनिअर हवा होता. कंपनीने रॉबिन्सची नेमणूक केली. वुलिचला हुकलेली जागा अशा रीतीने सात समुद्रांपलीकडे मिळाली. जुलै १७५०मध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचला.

या किल्ल्याची कथा मराठी वाचकांना जवळची आहे. रायगडाला वेढा पडल्यावर छत्रपती राजाराम महाराज तिथून निसटून जिंजीला गेले होते. तेव्हा, १६९० साली, इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. सौद्यात किल्ल्याबरोबर भोवतालची जमीनही होती आणि तिची हद्द तोफेच्या गोळ्याने ठरायची होती. किल्ल्यावरून डागलेला गोळा जिथपर्यंत जाईल तिथपर्यंतची गावे इंग्रजांची. इंग्रजांनी आपली उत्तम पितळी तोफ आणून चहूबाजूंना गोळे डागले. त्या गावांना तिकडे गुंडू ग्रामम्, म्हणजे गोळ्याची गावे, असे नाव पडले. नळीतला दाब, गोळ्याचा वेग आणि हवेचा अडथळा यांवर जमिनीची हद्द ठरली, पण हे तिन्ही हिशेब तेव्हा विकणाऱ्याला येत नव्हते आणि घेणाऱ्यालाही नाही. साठ वर्षांनी ते हिशेब जाणणारा माणूस त्याच किल्ल्याच्या तटांची आखणी करत होता.

रॉबिन्सची प्रकृती मुळातच नाजूक. उतरल्यावर दोन-तीन महिन्यांत त्याला तापाने गाठले. त्यातून तो उठला, कामाला लागला, पण तब्येत पुन्हा सावरली नाही. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये त्याचे निधन झाले. कंपनीला पाठवायचा अहवाल लिहीत असताना लेखणी हातात असतानाच तो गेला, असे सांगतात. लग्न त्याने केले नव्हते. त्याचे लेखन दहा वर्षांनी, १७६१ साली, डॉ. जेम्स विल्सन या वैद्य मित्राने संपादून प्रसिद्ध केले. त्याची पारख करणारा वैद्य आणि त्याचे काम जपणारा माणूसही वैद्यच. किल्लाही फार टिकला नाही. १७५८ साली फ्रेंचांनी तो घेतला आणि पाडून टाकला.

तोफेच्या नळीतला दाब माहीत असलेल्या या माणसाच्या अंगातला ताप किती आहे, हे मात्र त्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याला मोजता येत नव्हते. रुग्णाचे तापमान नेमाने मोजून त्याचा तक्ता ठेवण्याची पद्धत जर्मनीच्या वुंडरलिखने १८६०च्या दशकात रुजवली. हिवतापाचे जंतू डास वाहून नेतो, हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला १८९७ साली दाखवले. १७५१ साली ताप हेच आजाराचे नाव होते. हिवताप, विषमज्वर, आतड्यांचा संसर्ग यांना वेगळे करण्याचे साधन नव्हते, त्यामुळे उपचार म्हणजे अंदाजच. रॉबिन्सच्या आधीच्या तोफखान्यासारखी वैद्यकाची स्थिती होती.

आता साधने आहेत. तेव्हा रॉबिन्सने मोजलेल्या गोष्टी घरीही उपयोगी पडाव्यात. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडणारे समजतात की ती वर गेली आणि संपली. हवेचा अडथळा तिचा वेग उतरवतो, पण शून्य करत नाही. खाली येणारी गोळी सेकंदाला ६० मीटर वा त्याहून अधिक वेगाने पडू शकते आणि तेवढा वेग कातडी भेदायला पुरतो. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते म्हणून ती खेळणे ठरत नाही. डोळ्यात घुसलेल्या छऱ्याने दृष्टी कायमची जाते. फटाका डब्याखाली किंवा बाटलीत कोंडून लावला की वायूला वाट मिळत नाही, दाब चढतो आणि डब्याचे तुकडे गोळीसारखेच सुटतात. वसईच्या बुरुजाखाली जे घडले तेच अंगणात घडते.

अशी जखम झालीच, तर भोक लहान दिसते म्हणून घरी थांबू नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. आत रुतलेले काही ओढून काढू नये. डोळ्याला लागले असेल तर तो दाबू नये, चोळू नये, धुऊही नये, नुसता कपासारख्या कडक वस्तूने झाकावा. रुग्णाला चहा-पाणी देऊ नये, शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते. १०८ला फोन करून लगेच रुग्णालयात न्यावे. पोलिसांत नोंद होण्याआधी उपचार मिळणार नाहीत, या भीतीने कित्येक जण वेळ घालवतात. प्राण वाचवण्याचे उपचार आधी आणि कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे.

डॉक्टर सर्वांत आधी विचारतील ते हेच, की हत्यार कोणते होते आणि किती लांबून लागले. हा प्रश्न पोलिसी चौकशीचा नसतो. त्या दोन उत्तरांवरून गोळीचा वेग अदमासता येतो, आणि वेगावरून आत किती नुकसान झाले असेल याचा. त्यामुळे जे पाहिले असेल ते जसेच्या तसे सांगावे.